टोकियोचं लाकूड

माझ्या आईनं आयुष्यात एकदाच विमान थांबवायचा प्रयत्न केला, आणि तोही बोंबलांसाठी.

आम्ही वसईच्या पाचूबंदरचे. बाबांची होडी, आईचा सुक्या मासळीचा धंदा, आणि मी बोटींची इंजिनं जोडणाऱ्या एका कारखान्यात नोकरीला. ऐंशी साल उलटून गेलं होतं. आमच्या कारखान्यात जपानी इंजिनं यायला लागली होती, आणि ती उघडून पुन्हा बंद कशी करायची हे शिकायला मला टोकियोला पाठवायचं ठरलं. बातमी फुटल्याबरोबर गावानं घड्याळ, रेडिओ, छत्री असं जे सुचेल ते मागायला सुरुवात केली. आईनं काहीच मागितलं नाही. ती म्हणाली, "तिकडं लय मोठा मासळीबाजार हाय म्हनतात. माझे बोंबील घेऊन जा. मासळी कळनाऱ्या मानसाला दाव, आनि तो काय म्हनतो ते मला येऊन सांग. बस."

यामागं शेजारची काकी होती. किनाऱ्यावर बांबू रोवायचे, त्यांना दोऱ्या ताणायच्या आणि दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून त्या जोड्या वाळत घालायच्या, याला आम्ही वलांडी म्हणतो. काकीची वलांडी आईच्या वलांडीला चिकटून होती. दोघी चर्चला बरोबर जायच्या, बाजाराला बरोबर जायच्या, भांडायच्या तर अगदी वेळच्या वेळी. पण बोंबील कुणाचे चांगले, या खटल्याचा निकाल काही लागत नव्हता. गावातलं कुणी तोंड उघडायला धजत नसे, कारण जिच्या विरुद्ध निकाल देणार तिच्याच दारावरून पुढं जायचं होतं. आईला आता असा पंच हवा होता ज्याला दोघींपैकी कुणाचीही भीती नाही. असा माणूस वसई तालुक्यात तरी नव्हता.

निघायच्या आदल्या दिवशी बोंबील अजून दोरीवरच होते. आईनं एकाला नखानं टिचकी मारली, हुंगलं, शेपटीकडचा तुकडा मोडून डोळे मिटून चावला आणि निकाल दिला, "माल झकास. पन एक ऊन आनखी पायजे. विमानाला सांग, उद्याचा दिस थांब म्हनावं."

"आई, ती काय बाबांची होडी आहे?"

"मंग कुनाशी बोलायचं ते सांग. मी बोलते."

मी बोलू दिलं नाही. तिनं तणतणत बोंबील उतरवले, जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधले, गाठोड्यावर क्रूस काढला आणि माझ्याकडं न बघता ते माझ्या बॅगेत कोंबलं.

सुक्या बोंबलाचा वास आम्हाला येत नाही, जन्मापासून त्यातच वाढलेलो. टोकियोत मात्र तो सगळ्यांना आला. आमच्या वसतिगृहाचा मॅनेजर फार सभ्य माणूस. नाकाला रुमाल लावून तो आठवडाभर मजल्यावर फिरत होता. शेवटी त्यानं नळवाल्याला बोलावून गटाराचं झाकण उघडायला लावलं. मीही खाली उतरून मनापासून बॅटरी धरली. गटार अगदी स्वच्छ निघालं. ते पाहून मॅनेजर जास्तच खचला, आणि मी ठरवलं की आता बाजार गाठलाच पाहिजे.

शनिवारी सकाळी गाठोडं छातीशी धरून मी गेलो. बाजार कसला, पत्र्याच्या छपराखाली बसवलेला एक अख्खा तालुका! पुढं एक गोल पिंप आणि मागं फळी असल्या गाड्या उभ्या उभ्या हाकत माणसं अंगावर येत होती. एकीला चुकवावं तर दुसरीच्या वाटेत. जमिनीवर होडीएवढे कुपे मासे ओळीनं निजलेले, अंगावर बर्फाची भुकटी. स्टुलावर चढून एकजण घंटा बडवत लिलाव ओरडत होता. त्याचा एक शब्द कळला नाही, पण आमच्या बंदरावरचा लिलाववाला अगदी याच सुरात ओरडतो, त्यामुळं मला उगीचच घरी आल्यासारखं वाटलं. पुढं भाजीचा बाजार. तिथं मुळे माझ्या दंडाएवढे, आणि लग्नाच्या दिवशी नवरीला घालावी तशी प्रत्येकाला आंघोळ घातलेली. खरबुजं तर कागद पसरून एकेकटी बसवली होती. आमच्याकडची खरबुजं ढिगानं राहतात आणि सुखानं राहतात.

सगळ्यात नवल म्हणजे एवढ्या मोठ्या मासळीबाजाराला वासच नव्हता. जो काही होता तो माझ्याकडून येत होता.

मी दोन-तीन दुकानदारांसमोर गाठोडं धरलं. त्यांनी हात हलवून मला पुढं घालवलं. पाय दुखायला लागले तसा बाजाराबाहेरच्या गल्लीत एका वखारीसमोर खोक्यावर टेकलो. आत काळपट लाकडाचे, वीतभर लांबीचे ओंडके नीट रचून ठेवले होते. म्हटलं, बरं झालं, इथं तरी मासळी नाही.

एवढ्यात आतून एक म्हातारी बाहेर आली. नाक वर, वास घेत घेत. आमच्या मांजराची चालण्याची तऱ्हा. ती थेट माझ्या गाठोड्याशी येऊन थांबली.

माझं सगळं जपानी इंजिनापुरतं होतं. तेल बदला, पट्टा घट्ट करा, हात लावू नका, तपासा. त्यातला बरा शब्द निवडून मी गाठोडं सोडलं आणि म्हणालो, "तपासा."

तिनं तपासलं. एका बोंबलाला नखानं टिचकी मारली, हुंगलं, शेपटीकडचा तुकडा मोडला आणि डोळे मिटून चावत राहिली. मग डोळे उघडून माझ्याशी पुष्कळ बोलली. मधे दोनदा मान डोलावली, शेवटी बोट वर करून आभाळ दाखवलं. मी वर पाहिलं. ढग आले होते. मला वाटलं, पाऊस येतोय, पळ म्हणत असेल. मी गाठोडं आवरायला गेलो तर तिनं ते आपल्याकडं ओढून घेतलं, आत गेली आणि त्या ढिगातला एक ओंडका कागदात गुंडाळून दोन्ही हातांनी माझ्यापुढं धरला. मी वाकलो, ती वाकली. पुन्हा मी वाकलो. एका पिंपाच्या गाडीनं भोंगा मारला तेव्हा कुठं आम्ही थांबलो.

वसतिगृहात मॅनेजरनं खुणा करून आणि ओंडका हुंगायला लावून मला समजावलं की ते लाकूड नाही, मासा आहे. शिजवून, धुरी देऊन, महिनोन्‌महिने वाळवून दगड केलेला मासा. मी खूश. आईसाठी याहून चांगली भेट कुठली?

घरी पोचलो तेव्हा काकी आधीच येऊन बसली होती. निकाल ऐकायला.

"काय म्हनला तो मानूस?" आईनं विचारलं.

"माणूस नाही, बाई होती. खूप बोलली. मला काही कळलं नाही. पण हे दिलं तुझ्यासाठी."

आईनं कागद सोडला. आता आमच्या धंद्यात फार कडक झालेल्या बोंबलाला लाकूड म्हणतात, आणि याहून मोठी शिवी नाही. काकीनं ओंडका हातात घेतला, उलटसुलट पाहिला आणि अत्यंत हळव्या आवाजात म्हणाली, "लाकूड धाडलं गो तुला?"

"मासा आहे तो!" मी ओरडलो.

"डोळे कुटं हायत त्याचे?" आईनं विचारलं.

रविवारी चर्चबाहेर लोक मला लाकडाची तब्येत विचारू लागले. आई माझ्याशी बोलेनाशी झाली, आणि मला त्याचं खरंच वाईट वाटलं. तिनं एवढ्या विश्वासानं पाठवलेला खटला मी हरून आलो होतो. ओंडका तिनं मागच्या दाराला अटकण म्हणून लावला. बाबा त्यानं खिळे ठोकत.

मग मांजरं यायला लागली. वलांडीखाली बसायचं सोडून ती आमच्या मागच्या दाराशी रांगेनं बसू लागली आणि पाळीपाळीनं अटकण चाटू लागली. एक दिवस तिथं काकीचं मांजर आलं. काकीच्या बोंबलांवर पोसलेलं, तिच्या उंबऱ्याबाहेर पाऊल न टाकणारं! आई बराच वेळ त्याच्याकडं बघत उभी राहिली.

"मांजर लाकूड नाय चाटत," ती म्हणाली.

तिनं ओंडका धुतला. सुरी लागेना, विळी लागेना. बाबांनी होडीच्या फळ्या तासायचा रंधा आणून फिरवला, तसे गुलाबी, पातळ पापुद्रे भराभर सुटले. आईनं ओंडक्याला नखानं टिचकी मारली. हुंगलं. एक पापुद्रा तोंडात टाकला आणि डोळे मिटले.

"मासाच हाय," ती म्हणाली. "हात चांगला हाय बाईचा. मन लावून केलाय." तिनं दोनदा मान डोलावली. आता दुसरीच्या मालाला पुरतं चांगलं म्हणणारी मासळीवाली अजून जन्मायची आहे. आईनं बोट वर करून दाराबाहेरचं आभाळ दाखवलं. "फक्त एक ऊन आनखी पायजे व्हतं."

मी ताडकन उठलो. "आई, हेच! ती बाई हेच म्हणाली! अशीच मान डोलावली, असंच बोट वर केलं!"

आईचा चेहरा जेवढा फुलला, तेवढा तो मी परदेशाहून परत आलो तेव्हाही फुलला नव्हता. ओंडका काखेत मारून ती तरातरा काकीच्या दाराकडं निघाली. उंबऱ्याशी वळून मला म्हणाली, "सांगितलं व्हतं ना, विमान एक दिस थांबव? त्या परमुलखातल्या बाईला कळलं, आनि माझ्या पोटच्या पोराला नाय."