मामंजी जंगलाबाहेर आले

माझे सासरे भोरच्या दवाखान्यात खाटेवर झोपलेले असताना माझ्यामुळे जंगलात हरवले.

आजार साधा नव्हता. मामंजींना न्यूमोनिया झाला होता. ताप चढला की ते सलाइनची नळी ओढायचे आणि म्हणायचे, वाडीवर जायचंय, म्हशी सोडायच्या राहिल्यात. वाडी म्हणजे वेल्ह्याच्या वरच्या अंगाला, जंगलाला लागून असलेलं आमचं मूळ घर. तिथे आता त्यांचे धाकटे भाऊ, तात्या, म्हशी आणि शेरडं राखतात. आम्ही आंबवड्याला राहतो. माझे यजमान भाजीचा टेम्पो चालवतात, त्यामुळे दिवसभर दवाखान्यात मी आणि सासूबाई. त्या दिवसांत आम्ही दोघी एकमेकींकडे बघायचंच टाळत होतो. बघितलं की रडू यायचं.

मग एका सकाळी डॉक्टर म्हणाले, ताप उतरला, धोका टळला. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. मीही रडले असते, पण माझ्या डोक्यात भलतंच शिरलं. मी तेव्हा मोबाईलवर इंग्रजी बोलायचा क्लास करत होते. (माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. ब्लाउजला इंग्रजी लागत नाही, पण पुण्याच्या गिऱ्हाइकांपुढे मला गप्प बसावं लागायचं, आणि गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही.) मॅडमनी नुकतेच आजारातून बरं होण्याचे शब्द शिकवले होते. 'ही इज बेटर' म्हणू नका, ते शाळेतल्या पोरांचं इंग्रजी, असं त्यांचं म्हणणं. मी भारी भारी शब्द पाठ करून बसले होते. वापरायला फक्त एक बरं झालेलं माणूस हवं होतं. ते आता मिळालं!

घरच्यांच्या ग्रुपवर मी एकापाठोपाठ एक मेसेज सोडले. मामंजी हॅज टर्न्ड द कॉर्नर. ही इज आउट ऑफ द वुड्स. ही इज ऑन द मेंड. आणि शेवटी, ही विल बाउन्स बॅक सून. मग मोबाईल नर्सताईंच्या टेबलावर चार्जिंगला लावला आणि बाकड्यावर आडवी झाले. कितीतरी दिवसांनी मला अशी गाढ झोप लागली.

पुढचं सगळं मला नंतर तात्यांनी सांगितलं.

वाडीवर रेंज नसते. ती येते देवळामागच्या एका खडकावर, तीही मनात आलं तर. तात्या भावाची खुशाली कळावी म्हणून रोज सकाळी त्या खडकावर चढायचे. त्या दिवशी चारही मेसेज एकदम पडले. तात्यांच्या मोबाईलमध्ये इंग्रजीचं मराठी करायची सोय होती आणि तिच्यावर त्यांचा फार विश्वास. त्यांनी ती दाबली. मोबाईल म्हणाला, मामंजींनी कोपरा वळवला आहे. ते जंगलाच्या बाहेर आहेत. ते दुरुस्तीवर आहेत. ते लवकरच परत उसळी मारतील.

एरवी तात्यांनी हे हसण्यावारी नेलं असतं. पण आदल्याच दिवशी त्यांनी फोनवर भावाला 'वाडीवर जातो' म्हणून ओरडताना ऐकलं होतं. त्यांना सगळं लख्ख कळलं. दादा तापाच्या भरात दवाखान्यातून निसटला, कोपऱ्यावरून वळला, जंगलात शिरला आणि कुठूनतरी बाहेर पडला. त्यांनी मला फोन लावला. मी घोरत होते. खाली येऊन त्यांनी शेजारचे दोन गडी गोळा केले आणि एवढंच म्हणाले, "जंगलातनं भाईर आलाय म्हनत्यात. पन कुठल्या अंगाला, ते लिवलं न्हाई."

तिघं काठ्या घेऊन रानाच्या कडेकडेने हाका मारत फिरले. तात्यांचा सदरा करवंदीच्या जाळीत फाटला. दादा सापडेना. मग एका गड्याला 'दुरुस्तीवर' आठवलं. म्हणजे कुणीतरी म्हाताऱ्याला गाडीत घेतलं असणार आणि ती गाडी बंद पडली असणार! जीप करून तिघं कापूरहोळला उतरले आणि गॅरेज-गॅरेज हिंडले. एका मिस्त्रीने विचारलं, गाडी कुठली? तात्या म्हणाले, गाडी ठाऊक नाही, माणूस आमचा आहे. मिस्त्रीने त्यांना आधी पाणी पाजलं आणि मग शांतपणे विचारलं, की दवाखान्यात जाऊन बघितलंत का?

दुपारी मला तात्यांनी हलवून जागं केलं. कपाळावर ओरखडे, सदऱ्याची बाही लोंबती, डोळे लाल.

"सूनबाई," ते म्हणाले, "लई हुडकला. दादा घावला न्हाई गं." आणि तो रांगडा माणूस माझ्यासमोर मटकन खाली बसला.

झोपेत मला काहीच उमगेना. मी नुसतं बोट केलं. समोरच्या खाटेवर मामंजी उशीला टेकून बसले होते आणि सासूबाई त्यांना चमच्याने पेज भरवत होत्या. मामंजींनी भावाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"तात्या," ते खोल आवाजात म्हणाले, "म्हशी सोडल्या का?"

"न्हाई," तात्या म्हणाले. "तुला हुडकीत व्हतो."

मग सगळा उलगडा झाला. तात्यांनी मोबाईल काढून चारी ओळी मोठ्याने वाचून दाखवल्या. 'उसळी मारतील' आलं तेव्हा मामंजी हसले. हसता हसता खोकले, पुन्हा हसले, तेव्हा नर्सताई येऊन मलाच ओरडल्या. सासूबाई मात्र रागावल्या नाहीत. त्यांनी चमचा वाटीत ठेवला आणि विचारलं, "तुझी ती क्लासवाली बाई मराठी शिकवती का?"

पुढल्या आठवड्यात आम्ही मामंजींना घरी आणलं. आता चूक नको म्हणून मी ग्रुपवर साध्या मराठीत टाकलं: मामंजी बरे झाले, घरी आलो.

लगेच तात्यांचा फोन. खडकावरूनच बोलत होते, वाऱ्याचा आवाज येत होता.

"सूनबाई, वाचलं म्या. आता ह्याचा खरा अर्थ काय त्यो सांग, म्हंजी गडी गोळा करायचं का न्हाई त्ये बगतो."