मराठीत चार आणे, अहिराणीत सोळा

सरकारी आकड्यांची पुस्तकं मी कादंबरीसारखी वाचतो. कुठल्या जिल्ह्यात माणसं किती, बैल किती, कपाशी किती एकर, ज्वारी किती खंडी. आमच्या घरात या नादाला वेड म्हणतात. म्हणू देत. मी लोडाला टेकतो, पान उलटतो आणि मध्येच खो खो हसतो. कारण असल्या पुस्तकात जाणारा एक आकडा आमच्या ओट्यावर जन्माला आला, तेव्हा मी नवं धोतर नेसून खांबाशी उभा होतो, आणि माझं लग्न त्या आकड्याला टांगलेलं होतं.

आता नवे पैसे आले, म्हणून थोडं समजावून सांगतो. तेव्हा रुपयाचे सोळा आणे असत आणि उभ्या पिकालाही आणेच लावत. सोळा आणे पीक म्हणजे देवानं हात आखडता घेतला नाही असं पीक. दिवाळीच्या आसपास सर्कल साहेब, म्हणजे महसूल खात्याचे सर्कल इन्स्पेक्टर, गावोगाव फिरून पिकं बघत आणि प्रत्येक गावाचे आणे ठरवत. हीच आणेवारी. चारच्या आत राहिलं तर त्या सालचा शेतसारा पुढे ढकलला जाई, सहापर्यंत अर्धा, आणि सहाच्या वर गेलं की पुरता सारा मुकाट्यानं भरा. गावाचे आणे तालुक्याला जात, तालुक्याचे धुळ्याला, धुळ्याचे मुंबईला, आणि तिथे सबंध इलाख्याची शेती एका छापील पानावर शहाण्यासारखी बसे.

आमचं गाव नंदुरबारजवळच्या कोरीटच्या जरा पुढे. साहेबांसाठी गावात एक खास शेत होतं. नाल्याकाठचं, पाटलांचं, निव्वळ गोट्यांचं. कितीही चांगलं साल असो, त्या शेतात ज्वारी पोरांच्या शेंबडासारखी लोंबत असे. साहेब आला की त्याला तिथेच न्यायचं, आणि सगळ्यांनी चेहरे पाडून बांधावर उभं राहायचं. चेहरे पाडण्यात आमच्या पाटलांचा हात धरणारा तालुक्यात कुणी नव्हता. मिशाच खाली वळत त्यांच्या.

तसंच मुलीकडच्या पाहुण्यांसाठी गावात एक खास बैलजोडी होती. तीही पाटलांचीच. पांढरीशुभ्र, उंच, वशिंड असं की वर तांब्या ठेवावा. मुलीचा बाप घर बघायला आला की ही जोडी त्या घरच्या दावणीला उभी राही. गावातली निम्मी लग्नं या जोडीनं जमवली होती.

तर त्या साली आणेवारी आणि माझ्या लग्नाची बोलणी एकाच पंधरवड्यात आली. मुलीचं गाव आमच्याच सर्कलातलं, चार कोसांवरचं. तिच्या वडलांनी मुहूर्त बघून आमचं घर पाहायला यायचा दिवस कळवला होता. साहेब त्याच्या आधीच येऊन जायचे होते, म्हणून कुणाला काळजी नव्हती. आधी रडायचं, मग मिरवायचं, असा गावाचा बेत पक्का होता. पण साहेब आलेच नाहीत. मुलीच्या वडलांचा दिवस उजाडला. दावणीला पांढरी जोडी आली, ओटा सारवून झाला, आईनं चुलीवर खापर पालथं घातलं आणि हातावर मांडे फिरवायला सुरुवात केली. आमच्याकडे पुरणाचे मांडे म्हणजे व्याह्याचा मान.

एवढ्यात पाटील धावत आले. पागोटं हातात.

"दादा, दमणी उनी! दोन जन शेतस आत!"

"दोन कोन?" वडलांनी विचारलं.

"एक तुन्हा याही." पाटलांनी दम घेतला. "आनी दुसरा सर्कल!"

झालं होतं असं, की साहेबांचं घोडं वाटेत लंगडं झालं आणि मागून येणाऱ्या दमणीत, म्हणजे छपराच्या बैलगाडीत, त्यांना जागा देण्याचा दिलदारपणा मुलीच्या वडलांनी केला. दमणीतून दोघं उतरले. साहेब कोकणातले, बारीक अंगाचे, चष्मा लावलेले. मुलीचे वडील आडवे, हसरे, डोक्याला तांबडं पागोटं. दोघं एकाच सतरंजीवर मांडीला मांडी लावून बसले. मी आधीच खांबाशी उभा होतो. मला बोलायची परवानगी नव्हती, फक्त दिसायची होती.

वडलांचा जीव कसा झाला असेल ते आता सांगताना हसू येतं. तेव्हा मला घाम फुटला होता. सोळा आणे म्हणावं तर अख्ख्या गावाच्या बोडक्यावर पुरता सारा. चार आणे म्हणावं तर व्याही पुढचं पाणीही न पिता उठणार. आणि मुलगी मी एकदा, नंदुरबारच्या बाजारात, तिच्या नकळत पाहिलेली होती. तेव्हापासून मला दुसरं काही सुचत नव्हतं.

साहेबांनी पान तोंडात टाकलं आणि शुद्ध मराठीत विचारलं, "काय मंडळी, यंदा पीक कसं काय?"

पाटलांच्या मिशा खाली वळल्या. "आता या दादांनाच विचारा, साहेब," असं म्हणून त्यांनी चेंडू वडलांकडे टाकला आणि डोळे असे मोठे केले, की त्यात सबंध गावचा सारा दिसावा.

वडील दोनदा खोकले. मग शाळेत शिकलेलं सगळं मराठी गोळा करून म्हणाले, "साहेब, पावसानं दगा दिला हो. ज्वारी गुडघ्याला लागत नाही. चार आणे म्हणजे डोक्यावरून पाणी."

मुलीच्या वडलांची भुवई वर चढली. आणि तिथे माझ्या वडलांच्या डोक्यात वीज चमकली. आमच्या घरात शाळेचं मराठी सणासुदीलाच निघे, एरवी अहिराणी. साहेब पडले कोकणातले. वडील व्याह्याकडे वळले, त्यांच्यापुढे सुपारी सरकवत हळूच म्हणाले, "मनवर लेवू नका, याही. औंदा जवारीमा हत्ती दपी जाई, हत्ती!"

ज्वारीत हत्ती लपेल! व्याह्यांची भुवई जागेवर आली.

साहेबांनी चष्मा पुसला. "आणि तुमच्याकडे हो, दमणीवाले? उद्या तुमच्याच गावी यायचंय मला."

आता मुलीच्या वडलांची पाळी. त्यांचा हसरा चेहरा बघता बघता सुतकी झाला. मला वाटलं, आमच्या पाटलांना जोडीदार मिळाला. "आमचं तर विचारूच नका, रावसाहेब. कपाशीला बोंड धरलं नाही. नुसत्या काड्या." आणि मान वळवून, सुपारी कातरता कातरता माझ्या वडलांना, "घरमा कापूस ठेवाले जागा नही, याही. वसरीमा भरी ठेयेल शे."

मग काय, रंग भरला. साहेब एक प्रश्न विचारत, दोघं मराठीत गळा काढत आणि अहिराणीत छाती फुगवत. विहिरीला पाणी? मराठीत तळ दिसतो. अहिराणीत मोट उपसून उपसून बैल थकतात. भुईमूग? मराठीत उंदरांनी नेला. अहिराणीत पोती शिवायला सुतळी मिळत नाही. मिरची? मराठीत झाडं वाळली. अहिराणीत वाळत घातलेली मिरची गच्चीवरून रस्त्यावर सांडते. पाटील एकदा याच्या तोंडाकडे, एकदा त्याच्या तोंडाकडे बघत होते आणि त्यांच्या मिशांना वर वळावं की खाली हेच कळेना.

मग सगळे गोट्यांच्या शेतावर गेले. साहेबांनी एक कणीस हातात घेतलं. त्यात दाणे कमी आणि कीड जास्त होती. पाटलांनी उसासा सोडला. मागे वडील व्याह्याचा कोपर धरून कुजबुजत होते, "हाई आमनं नही. आमनं तो निंबना पलीकडे, तठे देखा!" परतताना साहेब गोठ्यापाशी थांबले. पांढऱ्या जोडीकडे बघून म्हणाले, "ही जोडी मोठी नशीबवान. दरसाल वेगळ्या दावणीला दिसते मला." पाटलांना एकाएकी जोराचा खोकला लागला.

जेवणाची वेळ झाली. पाटील लगबगीनं आत गेले आणि चुलीपाशी दबक्या आवाजात म्हणाले, "वहिनी, मांडा झाकी ठेव. भाकर काढ, ठेचा काढ. सर्कल जेवाले बसी ऱ्हायना!"

आईनं हातावरचा मांडा खापरावर टाकला, तो फुगेपर्यंत पाहिला, आणि मग बोलली. "सारा दरसाल भरतस, पाटीलबा. सून काय दरसाल येस?"

पाटील जसे गेले तसे बाहेर आले. मागोमाग ताटं आली. प्रत्येक ताटात रुमालाएवढा मांडा, वर तुपाची धार, बाजूला वाटीत दूध आणि पुरणाच्या कटाची झणझणीत रशी. चार आणे पिकाच्या गावात साहेबांसमोर असं ताट! वडलांनी डोळे मिटले. देवाचं नाव घेतलं असावं. साहेब मात्र शांतपणे जेवले. दुसरा मांडाही त्यांनी नाकारला नाही. हात धुतले. वडील पुन्हा उभे राहून मराठीत काहीतरी सुरू करणार, तोच साहेबांनी आत वळून आवाज दिला:

"माय, यासले पानी दे. दोन दोन भाषा बोली बोली घसा सुकी गया व्हई!"

अहाहा! तो क्षण मला आजही चित्रासारखा दिसतो. मुलीच्या वडलांच्या हातातली सुपारी खाली पडली. पाटील भिंतीला टेकले. वडलांचं तोंड उघडं ते उघडंच. आणि आत चुलीपाशी आई इतकी हसली, की तिला ठसका लागला.

"खानदेशातच माझे केस पांढरे झाले," साहेब आता मराठीत म्हणाले. "मराठीत चार आणे ऐकले, अहिराणीत सोळा ऐकले. बेरीज वीस. अर्धे दहा. आणि दमणीतून येताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंची शेतं बघत आलो, तिथेही मला दहाच दिसले. दहा आणे लिहितो. कुणाचं काही म्हणणं?"

खरोखर दहाच आणे पीक होतं. पाटलांनी पागोटं डोक्यावर चढवलं आणि साऱ्याचा हिशेब करत निघून गेले.

पण माझं काय? सोळा आणे सांगणारा माणूस व्याह्यासमोर दहावर आपटला होता. मी खांबाला चिकटून उभा राहिलो. मुलीच्या वडलांनी पडलेली सुपारी उचलली. मग त्यांनी साहेबांना विचारलं, "रावसाहेब, पक्के दहा? तेरा-चौदा नाहीत?"

"दहा," साहेब म्हणाले.

त्यांनी मांडीवर थाप मारली. "मंग जमनं!"

वडलांना कळेना. मलाही कळेना. तेव्हा ते मोकळेपणानं बोलू लागले. "खरं सांगू का, याही? तुमी हत्ती काढा, तवयच मी उठाना बेतमा व्हतू. सोळा आणाना घरले पोर देनी म्हंजे बँड पाहिजे, घोडा पाहिजे, आठ दिनना मांडव पाहिजे. माले नही झेपाव. दहा आणामा आमी बी बसतस."

म्हणजे वडलांचा हत्तीच माझं लग्न मोडत होता, आणि सरकारी आकड्यानं ते वाचवलं! वडलांचा चेहरा इतका खुलला, की लगेच त्यांना खोडी सुचली. साहेबांकडे वळून ते म्हणाले, "साहेब, यांचं गाव उद्या बघताय ना? मग नारळ आम्ही परवा फोडू. मुलीकडची ओसरी कापसानं किती भरली आहे, तेही कळायला नको का?"

मुलीचे वडील पोट धरून हसले. नारळ तिसऱ्या दिवशीच फुटला. साहेबांच्या माणसानं निरोप आणला होता, अकरा आणे.

गावाला मात्र पुरता सारा भरावा लागला. पाटील महिनाभर मला वाटेत गाठून म्हणत, "तुन्हा लगीनना सारा आख्खा गावनी भरा रे, पोऱ्या!" आणि लग्नात त्यांनी पंगतीत बसून तो सगळा जिलबीत वसूल केला. बँड नव्हता. गावातल्याच सनईवाल्यानं वाजवलं, आणि चांगलं वाजवलं.

मी कितीही आकडे वाचले तरी एका आकड्यापुढे माझं चालत नाही. भाजीत मीठ जास्त झालेलं असो की पोरीला शाळेत घालायचं असो, वाद रंगात आला की बायको पदर खोचून म्हणते, "मन्हा बापनं गाव अकरा आणे व्हतं!" लग्नाच्या पहिल्याच वर्षी मी एकदा चिडून म्हणालो, "तुमच्या घरीही साहेब मांडेच जेवले होते. तुपावरच चढला तो एक आणा."

"मंग तुमनी मायनी तूप कमी वाढेल व्हई," ती म्हणाली.

आई आतच होती. तिनं ऐकलं. ती तुपाची बरणी घेऊन बाहेर आली, सुनेच्या ताटाशी बसली आणि वाढू लागली. बायको दोन्ही हात आडवे धरून "बस, बस, माय!" म्हणत राहिली, आणि आई काही थांबेना.