देवीच्या माथ्यावर

गच्चीवर कुणी डांबर तापवलं, की मला मुळा धरण आठवतं.

मी लहान असताना माझ्या वडिलांनी, अण्णांनी, होडीला डांबर फासलं, ती जुन्या बैलगाडीच्या चाकांवर बांधली आणि आमच्या फियाटमागून ओढत धरणावर नेली. आईला पाण्याखाली गेलेल्या माहेरच्या देवीची ओटी भरायची होती. उतारावर होडीआधी गाडीच बुडणार, या भीतीनं मी भोकाड पसरलं. माझी मदत एवढीच.

"लई पानी हाय वो. देऊळ कुठं?" आईनं विचारलं.

अण्णांनी वल्हं थांबवलं. "हितंच. बरोबर खाली."

आईनं ओटी सोडली. खण बुडाला, नारळ तरंगत राहिला.

तेव्हा मला अण्णा सर्वज्ञ वाटले. आता वाटतं, चहूकडं सारखंच पाणी. त्यांना तरी काय ठाऊक असणार? आईनंही पुन्हा विचारलं नाही.