सहाशे बारा प्रमुख पाहुणे

सोपानतात्यांना कुठल्याही गावाचं नाव सांगितलं की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "कार्यक्षेत्र किती?" थोरली सून नाशिकची ठरली तेव्हा त्यांनी व्याह्यांना मुलीचं शिक्षण विचारलं नाही. नाशिकला कार्यक्षेत्र किती, ते विचारलं. व्याह्यांनी बावचळून बायकोकडे पाहिलं. तात्या चौतीस वर्षं साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात होते. कारखाना ज्या ठरलेल्या गावांच्या उसावर चालतो त्या गावांना मिळून कार्यक्षेत्र म्हणतात, आणि ते तोकडं असलं की बॉयलर अर्ध्या हंगामात थंड पडतो. तात्यांच्या मते देऊळ, दवाखाना, केशकर्तनालय, जगातलं सगळं याच नियमाने चालायचं.

त्यांच्याकडे दुसरी एक विद्या होती, नजरअंदाजाची. बांधावर उभं राहून, पानाला हातसुद्धा न लावता, ते उसाच्या रानाचा टनांतला आकडा सांगायचे आणि तो काट्यावर खरा ठरायचा. निवृत्तीनंतर मोजायला रान उरलं नाही, तेव्हा त्यांनी माणसं मोजायला घेतली. कुणाच्याही लग्नात अक्षता पडायच्या आत ते आचाऱ्याला गाठून सांगायचे, "साडेसातशे हायती, भात वाढीव." मुलाने त्यांना पुण्याहून नवा मोबाइल पाठवला, त्यावर परदेशातले फुटबॉलचे सामने दिसायला लागले आणि तात्या त्या नादाला लागले. नाद खेळाचा नव्हे, गर्दीचा. कॅमेरा चेंडूमागे गेला की ते वैतागायचे. "आरं त्या चेंडूला काय बघतोस, वरच्या मजल्याचा कोपरा मोकळा हाय त्यो दाखीव."

मी मूळचा त्यांच्याच कळस गावचा, तात्यांच्या शेजारच्या घरातला. बारामतीच्या एका कॉलेजात वाणिज्य शिकवतो आणि शनिवार-रविवारी गावी येतो. आलो की तात्या ओट्यावर तयारच असायचे. एकदा त्यांनी विचारलं की इंग्लंडातल्या अमक्या टीमचं मैदान दर खेपेला भरतं आणि तमकीचं का नाही. मी वर्गातल्या आवाजात समजावलं की शहर मोठं असलं की प्रेक्षक जास्त, प्रेक्षक जास्त की पैसा जास्त, पैसा जास्त की चांगले खेळाडू, आणि चांगले खेळाडू आले की आणखी प्रेक्षक.

"म्हंजी मोठ्याचंच मोठं हुतंय," तात्या म्हणाले. "मग बारक्यानं काय करायचं?"

"जिंकायचं."

"जिंकाय खेळाडू लागत्यात, खेळाडूला पैसा लागतोय, पैशाला माणसं लागत्यात. मास्तर, तू शिकवतोस का घाण्याभवती फिरतोस?"

याचं उत्तर वाणिज्य शाखेकडेही नाही, हे मी तेव्हा त्यांना सांगितलं नाही.

पुढे पुण्याच्या एका कंपनीने आपल्या भागात पगारी फुटबॉल संघांची लीग काढली. आमच्या बाजूचा संघ बारामतीला द्यायचा होता, पण तिथलं ठरलेलं मैदान दुरुस्तीला निघालेलं. तात्यांना हे कळलं त्याच दिवशी ते पुण्याला जाऊन कंपनीच्या दारात बसले. कळसला सपाट गायरान आहे, पाण्याची टाकी आहे, खेळाडूंना गरम जेवण मिळेल, असं त्यांनी इतक्यांदा सांगितलं की चौथ्या दिवशी कंपनीने त्यांना संघ देऊन टाकला. मला वाटतं, ते परत जावेत म्हणूनच दिला.

मी चेष्टेने म्हणालो, "तात्या, तुम्हाला फुटबॉलमधलं ऑफसाइड तरी कळतं का?" ते हसले नाहीत. "मास्तर, मला ह्या गावात एक गोष्ट ऱ्हायलेली बघायचीय. ऊस कारखान्याला जातोय, दूध डेअरीला जातंय, कॉलेज बारामतीला, दवाखाना बारामतीला, तूबी बारामतीला. हितं कायतरी बाहीरनं यावं आन् ऱ्हावं."

संघात कोल्हापूरचे पाच, गोव्याचे तीन आणि बाकीचे कुठले कुठले होते. त्यांचं जेवण तात्यांच्या बायकोच्या, कमलकाकूंच्या बचत गटाकडे. काकूंना खेळाडूंची नावं येत नसत, त्या भाकरीवरून ओळखायच्या. गोलकीपर म्हणजे "सहा भाकरीवाला". कर्णधार भात मागायचा म्हणून त्याच्याबद्दल त्यांचं मत फारसं चांगलं नव्हतं.

पहिल्या सामन्याला लोक नवल म्हणून आले. दुसऱ्याला कमी आले, तिसऱ्याला अजून कमी, आणि पाचव्या सामन्याला तात्यांनी नजर टाकून सांगितलं, "शहात्तर. त्यातली चार म्हशी राखाय आल्याती." संघ हरत होता हे एक कारण. आणि मुळात कळस आणि शेजारची वरकुटे, निरवांगी ही गावं मिळून माणसं ती किती. एवढ्यात बारामतीचं मैदान तयार झालं. कंपनीचं पत्र आलं की शेवटच्या घरच्या सामन्याला पाचशे तिकिटं खपली तरच संघ कळसला राहील, नाहीतर पुढच्या हंगामापासून बारामतीला.

ते पत्र तात्या दोन दिवस खिशात घेऊन फिरले. तिसऱ्या दिवशी पहाटे त्यांचा मला फोन आला.

"मास्तर, गावलं. आपल्या भागात माणूस बघाय येत न्हाय, दिसाय येतंय."

त्यांची योजना साधी होती. निमंत्रणपत्रिका छापायची आणि तिच्यात तिन्ही गावांतल्या माणसांची नावं प्रमुख पाहुणे म्हणून घालायची. आमच्याकडे पत्रिकेत नाव असलेला माणूस तापाने फणफणत असला तरी इस्त्रीचे कपडे घालून येतो, आणि नाव राहिलेला माणूस तीन पिढ्या बोलत नाही. पत्रिका आठ घड्यांची झाली. सहाशे बारा नावं. कुणाच्या मागे माजी सदस्य, कुणाच्या मागे प्रगतशील बागायतदार, कुणाच्या मागे आदर्श पशुपालक. ज्यांना कुठलंच विशेषण चिकटेना ते "कळसचे भूषण". भूषणं एकशेचाळीस निघाली. मला त्यांनी "थोर अर्थतज्ज्ञ" केलं. मुद्रितं मीच तपासली, तरी माझ्या नावामागचं हे विशेषण मी खोडलं नाही.

काकूंनी पत्रिका चष्मा लावून शेवटपर्यंत वाचली आणि घडी घालून चुलीजवळ ठेवली. "छान हाय," एवढंच म्हणाल्या. आम्हा दोघांना ते कौतुक वाटलं.

सामन्याच्या दिवशी सहाशे बारापैकी एकही गैरहजर नव्हता. आता प्रमुख पाहुण्याला पुढची रांग लागते. तात्यांनी त्यावरही तोड काढली होती. मैदानाच्या रेषेला चिकटून चारी बाजूंनी खुर्च्यांची एकच रांग. सगळेच पुढे बसले. फक्त चेंडू आत फेकायचा असला की खेळाडूला दोन आदर्श पशुपालकांचे गुडघे बाजूला करावे लागत. उद्घाटनाची भाषणं पाऊण तास चालली. मग वेळ वाचावा म्हणून पाहुण्यांची नावं सामना चालू असतानाच माइकवरून घ्यायचं ठरलं. नाव पुकारलं की पाहुणा उठायचा, चारी दिशांना नमस्कार करायचा आणि गुलाबाचं फूल घ्यायचा. वरकुट्याचे एक माजी सदस्य असे हात जोडून उभे असताना चेंडू थेट त्यांच्या पोटात बसला. त्यांनी तोही सत्काराचाच भाग समजून काखेत धरला आणि खाली बसले. पंचांना तो परत मिळवायला विनवण्या कराव्या लागल्या.

तात्या खुशीत होते. इतकी माणसं त्या गायरानावर त्यांनी कधी पाहिली नव्हती. मध्यंतर झालं तेव्हा कंपनीचे निरीक्षक खिडकीवरून तिकिटांचं पुस्तक घेऊन त्यांच्याकडे आले.

"अकरा," निरीक्षक म्हणाले.

"अकरा काय?"

"तिकिटं. अकरा खपलीत."

"आन् हे समदे बसलेत ते?"

"ते तुमचे पाहुणे आहेत. पाहुण्यांना तिकीट कुठं असतं?"

मी थोर अर्थतज्ज्ञ शेजारीच बसलो होतो. एवढी साधी गोष्ट माझ्या ध्यानात यायला हवी होती, पण मी माझ्या गुलाबाचा वास घेत होतो. ती अकरा तिकिटं कुणी काढली म्हणून पाहिलं, तर पत्रिकेत नाव राहिलेली अकरा माणसं. ती स्वतःच्या पैशाने आत येऊन मैदानाकडे पाठ करून उभी होती. तात्या खाली बसले. साठीच्या पुढच्या माणसाचं तोंड असं उतरलेलं बघवत नाही.

निरीक्षकांनी सांगितलं की खेळ पुन्हा सुरू झाला की खिडकी बंद. पाहुण्यांचा चहा सुरू होता, तेवढाच काय तो वेळ.

एवढ्यात रस्त्याकडून ट्रॅक्टरचा आवाज आला. एक ट्रॉली आली, मागून दुसरी, मग टेम्पो, मग पुन्हा ट्रॉल्या. सगळ्यांत बायका. कळसच्या, वरकुट्याच्या, निरवांगीच्या बचत गटांच्या. पुढे कमलकाकू, हातात ती आठ घड्यांची पत्रिका.

"सहाशे बारा नावं," काकू तात्यांना म्हणाल्या. "त्यात एक लुगडं न्हाय. खेळणाऱ्या पोरांना रोज भाकरी आमी घालायच्या, आन् पावणं तुमी."

"आगं, मला वाटलं बायकांना काय त्यातलं..."

"चौतीस वर्सं रान मोजलंत. निम्मं कार्यक्षेत्र घरात चूल फुकीत बसलं हुतं, त्ये नोंदलंच न्हाय." मग त्या खिडकीकडे वळल्या. "आमी काय पावण्या न्हाय, बाबा. तिकिटं फाड."

तिकीटवाल्याचे हात भरून आले. तात्यांनी पाहुण्यांना दुसरा चहा दिला, मग तिसरा. निरीक्षक घड्याळ बघत होते. शेवटी त्यांनी पुस्तक चाळून आकडा सांगितला. चारशे त्र्याण्णव. बाहेर एकही बाई उरली नव्हती.

तात्यांनी माइक घेतला. "मंडळी, सात कमी हायती. पावण्यांपैकी सात जणांनी पावणेपण सोडावं, भाईर जावं आन् तिकीट काढून यावं. हात जोडतो."

कुणी हललं नाही. एकशेचाळीस भूषणं आभाळाकडे बघू लागली. मग तात्यांनी डोक्यावरचा फेटा काढला, खुर्चीवर ठेवला आणि स्वतः जाऊन खिडकीपाशी उभे राहिले. मी उठावं असं मला वाटत होतं, मनापासून वाटत होतं, पण खुर्ची मोक्याची होती. काकूंनी माझ्याकडे पाहिलं. "मास्तर, खुर्ची काय सासऱ्यानं दिलीया?" मी उठलो. आमच्यामागे माइकवाला आला आणि येताना सवयीने पुकारत आला, "संघ वाचवणाऱ्या सात मान्यवरांपैकी दोघांची नावं पुढीलप्रमाणे."

नावं म्हटल्याबरोबर खुर्च्या कोसळल्याचा आवाज झाला. सगळी भूषणं खिडकीवर धावली. पाच जागांसाठी दोन प्रगतशील बागायतदारांवर एकमेकांची कॉलर धरायची वेळ आली. निरीक्षक मोजता मोजता थकले आणि पाचशे ओलांडल्यावर त्यांनी पुस्तकच मिटलं.

सामना आम्ही तीन-शून्य हरलो. उत्तरार्धात तात्या आपलं तिकीट हातात धरून बायकांमध्ये जाऊन बसले, काकूंच्या शेजारी. चारचौघांत ते असे शेजारी बसलेले मी पहिल्यांदाच पाहत होतो. काकू उठून ओरडत होत्या, "ए सहा भाकरी, झोपलास का?" तात्या खेळाकडे बघत नव्हते. ते बायकांच्या त्या गर्दीवरून नजर फिरवत होते, एकदा, पुन्हा एकदा, आणि त्यांच्या तोंडून आकडा निघत नव्हता.

"माझी नजर चुकली," ते हळूच म्हणाले.

"चुकली न्हाय," काकू म्हणाल्या. "हिकडं वळलीच न्हाय. बसा आता, बघा."

संघ कळसला राहिला. तो फार जिंकतो असं नाही, पण मैदानाची एक बाजू बायकांची असते आणि पाहुण्या संघाचा गोलकीपर त्या बाजूला यायला घाबरतो. तात्यांना पुढचे दोन हंगाम बघायला मिळाले. तिसऱ्याच्या आधी, रानातून येऊन ओट्यावर टेकले आणि गेले. मला अजून शनिवारी गावात शिरताना तो ओटा रिकामा दिसतो आणि वाईट वाटतं. एवढ्या प्रेमाने मला मूर्ख ठरवणारं दुसरं माणूस नाही.

त्यानंतरच्या पहिल्या सामन्याला मी मुद्दाम रजा काढून गेलो. रांगेत माझ्या पुढेच काकू होत्या. त्यांनी दोन तिकिटं मागितली. खिडकीतला माणूस ओळखीचा. तो जरा घुटमळला, मग हळू आवाजात म्हणाला, "काकू, आता एकच लागंल की."

"दोन फाड," काकू म्हणाल्या. "माणूस गेलं म्हून आकडा कमी करायचा व्हय?"

त्याने दोन फाडली. काकूंनी एक तिकीट कमरेच्या पिशवीत घातलं, दुसरं मुठीत धरलं, आत गेल्या आणि खेळ सुरू व्हायच्या आधीच पंचाला शिव्या द्यायला लागल्या.