तिच्या दोन ओळी

जर्मनीत, एर्लांगेनच्या ऑफिसात ते सहकारी माझ्या समोर बसायचे. मूळचे पुण्याचे, वयाने बरेच मोठे, तरी मलाही अहो-जाहो करायचे. डेटाबेसमध्ये व्ह्यू, म्हणजे डेटा मागणाऱ्या क्वेऱ्या नाव देऊन ठेवलेल्या, रचायचा त्यांना नाद होता. एका व्ह्यूवर दुसरा, दुसऱ्यावर तिसरा. "वरून टेबलासारखा दिसतो ना? गेनाऊ, अगदी तसाच! मग खाली कशाला वाकून बघायचं?" पण व्ह्यूत डेटा साठवलेला नसतो. तो मागितला की खालच्या सगळ्या क्वेऱ्या दर वेळी नव्याने चालतात.

एकदा रुग्णालयांना जाणारा रिपोर्ट तासभर अडकला. कॉलवर जर्मन मॅनेजरने इंग्रजीत विचारलं, "क्वेरी कोणाची?" पुण्याच्या ऑफिसातल्या कंत्राटी मुलीची होती, जेमतेम दोन ओळींची. ती चाचरत मराठीत म्हणाली, "सर, मी फक्त तुमचा व्ह्यू वापरला." त्याच्याखाली आणखी सहा होते, सगळे यांचेच.

"अगं, घाबरू नकोस, मी सांगतो त्यांना," ते मायेने म्हणाले. मग जर्मनमध्ये मॅनेजरला म्हणाले, "तिला क्वेरी लिहिता येत नाही."

तिला जर्मन कळत नव्हतं. "थँक यू, सर," ती म्हणाली. मला कळत होतं आणि मी गप्प बसलो.

शुक्रवारी तिचं कंत्राट संपवलं. सोमवारी रिपोर्ट काही सेकंदांत आला. मी उघडून पाहिलं. यांनी आपले व्ह्यू गुपचूप दुरुस्त केले होते. तिच्या दोन ओळी जशाच्या तशा होत्या.

"आता तरी तिची चूक नव्हती हे सांगा," मी म्हणालो.

"जाऊ द्या हो," ते म्हणाले, "तिच्या जागी दुसरी आलीसुद्धा."