फवारेवाला मोतीराम टेकाम

पाठीवर पंप घेतला की मोतीराम टेकाम चार बोटं उंच वाटायचा. दिवसाला वीस पंप मारणारा माणूस वणीकडच्या त्या गावात दुसरा नव्हता, आणि हे तो स्वतःच चारचौघांत सांगायचा. मग बीटी कपाशी आली. बोंड कुरतडलं की झाडातल्याच विषाने अळी आपोआप मरायची, मग फवारायचं काय, डोंबल? पंप माळ्यावर गेला आणि मोतीराम खाणीवर दगड फोडायला.

"बीटीनं अळीच्या आंधी मलेच मारलं," तो म्हणायचा, आणि लोक हसायचे.

पण गावाला हाव सुटली. वेचणी संपली की पऱ्हाटीची झाडं उपटायची, ते सोडून जो तो एक पाणी जास्तीचं देऊन तीच झाडं मार्चपर्यंत फरदड म्हणून ठेवू लागला. अळीला बारमाही पंगत बसली. विष खाऊन मेल्या त्या गेल्या. तगल्या त्यांचीच पिलावळ वाढली. काही वर्षांत गुलाबी बोंडअळीला बीटीचं विष भाकरीसारखं पचू लागलं.

राऊतांच्या शेतात पहिली डोमकळी दिसली, म्हणजे आत अळी बसल्याने न उमलता मिटून राहिलेलं फूल, तेव्हा सगळा गाव कपाळाला हात लावून बसला. मोतीराम मात्र मनातून हरखला. त्याने पंप खाली काढून पुसला. त्याला दोष द्यायला जीभ रेटत नाही.

राऊतकाकांनी दोन औषधं एकत्र कालवायला दिली. "डबल टाक, मोतीराम. लय मुरलेली हाय हे अळी."

"तुमी फकस्त पानी भरून द्या, काका. मी हाय ना!"

कपाशी त्या वर्षी डोक्याच्या वर गेलेली. नळी उंच धरावी लागे आणि औषध तोंडावर उतरे.

"तोंडाले दुपट्टा तरी बांधा जी," त्याची बायको चंद्रकला बांधावरून ओरडली.

"बीटी याच्या आंधी पंधरा वर्सं हेच पेलो. काही झालं का मले?"

तिसऱ्या दिवशी दुपारी तो कपाशीच्या ओळीतच खाली बसला. तोंडाला फेस आला. यवतमाळच्या दवाखान्यात जीव वाचला, डोळे गेले.

घरी आल्यावर त्याने पहिलं विचारलं, "अळी मेली का व?"

"मेली जी. सारी मेली."

"मंग एक बोंड आन. हातानं पायतो."

आपले डोळे फुकट गेले नाहीत, एवढीच खात्री त्या माणसाला हवी होती. चंद्रकला अख्खं वावर हिंडली आणि कुठेच छिद्र नसलेलं, टणक, हिरवं बोंड निवडून घेऊन आली. घाईत ती विसरली की ही अळी अगदी बारीक असतानाच आत शिरते आणि तिच्यामागे छिद्र बुजून जातं.

मोतीरामने अंगठ्यांनी बोंड फोडलं. अळी बाहेर आली आणि त्याच्या तळहातावरून मनगटाकडे चालू लागली. चंद्रकलेने ती उचलायला हात घातला, तर त्याने तिचा हात धरला.

"राहू दे."

 मग हसायला गेला आणि त्याला हुंदका फुटला.

"ईष आमी दोघायनंबी खाल्लं, चंद्रकले," तो म्हणाला. "तिले पचलं."