नामं मी शिकवली, लिस्बनला ती गेली

पोर्तुगीजमध्ये नपुंसकलिंग नाही हे कळलं, तेव्हा मला आमच्या घरातल्या निम्म्या वस्तूंची काळजी वाटली. पुस्तक, टेबल, कपाट, घड्याळ, सगळी एकदम पोरकी. पुस्तक पुल्लिंगी झालं, 'लिव्रु'. टेबल स्त्रीलिंगी झालं, 'मेझा'. मरोळला आमचा क्लास घेणाऱ्या बाई मूळच्या गोव्याच्या. त्या म्हणायच्या, "मराठी बाहेर चपलांपाशी काढून या." मला ते जमायचं. माझ्या मैत्रिणीला नाही.

ती आणि मी अंधेरीच्या एकाच ऑफिसात. लिस्बनला ही भाषा येणाऱ्यांना काम मिळतं असं कळल्यावर आम्ही मिळून क्लास लावला. अर्ज एकत्र करायचा, तिथे एकच खोली घ्यायची, स्वयंपाक तिने, भांडी मी, इथपर्यंत ठरलं होतं. घाटकोपरच्या आमच्या घरात माझ्या लग्नाशिवाय दुसरा विषय उरला नव्हता. मला तिथून सुटायचं होतं आणि दुसरी वाट दिसत नव्हती.

नामांचे प्रकार मी तिच्याकडून घोटून घेतले. डबा खाताना सामान्यनाम आणि विशेषनाम, ऑफिस सुटल्यावर बसस्टॉपवर भाववाचक आणि समूहवाचक. माशांच्या झुंडीला एक शब्द, लांडग्यांच्या कळपाला दुसराच. "मला कुठे लांडगे भेटणार आहेत यार," ती कुरकुरायची. लिंग चुकलं की तिच्या डब्यातली भाजी मी उचलायची, हा आमचा नियम. सुरुवातीला ती कोरडी पोळी खायची. परीक्षा जवळ आली तशी भाजी तिला पुरू लागली आणि मला त्याचा अभिमान वाटायचा.

दोघी पास झालो. मी अर्जाचा विषय काढला की ती म्हणायची, "आत्ता जागा नाहीयेत गं. मी विचारलंय. दिवाळीनंतर बघू ना." मी थांबले. तिच्या शब्दावर शंका घ्यावी असं डोक्यातही आलं नाही.

दिवाळीआधीच एका रविवारी ती आईला घेऊन पेढे द्यायला आली. नोकरी लागली होती, व्हिसा झाला होता, गुरुवारचं विमान होतं. बाकीच्या जागाही भरल्या होत्या. "तुला सांगणारच होते," ती पेढ्यांच्या बॉक्सकडे बघत म्हणाली. आईने लगेच सांभाळून घेतलं. "मीच म्हटलं, सगळं हातात येईपर्यंत बाहेर बोलू नकोस. नजर लागते ना."

आमच्यात सगळेच असं करतात. नोकरी असो, लग्न असो, पक्कं होईपर्यंत घराबाहेर चकार शब्द नाही. पण मी बाहेरची आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं. दिलेला पेढा मी निमूट खाल्ला, याचा मला अजून राग येतो.

बुधवारी तरीही तिच्या घरी गेले. एकटी सापडली तर सरळ विचारायचं होतं, माझ्याशी असं का वागलीस. एकटी सापडली नाही. मी निघाले, मागे दार लागलं. लिफ्टची वाट बघत असताना आत तिची आई तिची दृष्ट काढताना ऐकू आलं. मीठ, मोहरी आणि मिरच्या तव्यावर तडतडल्या. मिरचीचा ठसका लागला नाही, तर दृष्ट जबर लागली असं समजतात. पॅसेजमध्ये उभी राहून मी अगदी मनापासून ठसक्याची वाट बघितली. ठसका लागला नाही.

"बघ," आतून आई म्हणाली, "आत्ता येऊन गेली ना, तिचीच."

"हो ना," माझी मैत्रीण म्हणाली.